मयताच्या घरचा धूर

बिबिओयनं काडेपेट्या गोळा करायला सुरुवात केली ती चुलीपासून. चुलीमागच्या कोनाड्यातली एक, तंदूरच्या कडेची एक, साखरेच्या डब्यामागं दडवलेली एक. सगळ्या तिच्या ओच्यात. मग ती मधल्या खोलीत आली, खुंटीवरच्या कोटाचे खिसे चाचपले आणि तिथूनही एक काढली. कोट तोशमतचा होता. तोशमतला सकाळीच मातीत ठेवून आले होते.

"हा मेला खिशात पण..." असं म्हणता म्हणता ती थांबली. शेजारधर्म म्हणून ती जन्मभर त्याला मेला म्हणत आली होती. आज खरंच मेला होता, तर तोंडातून शब्द निघेना.

तोशमतची बायको सव्री भिंतीला टेकून बसली होती. निळा झगा, डोक्याला निळा रुमाल. रडून रडून आवाज बसलेला.

"सगळ्या नेतेस?"

"सगळ्या. परवा संध्याकाळी आणून देते. तुझा काय भरवसा, झोपेतून उठशील आणि सवयीनं चहा टाकशील. माझा सासरा गेला तेव्हा सासूनं टाकला होता. लोक वर्षभर बोलत होते, म्हातारीला नवऱ्यापेक्षा चहा प्यारा."

बोगीसाय गावात मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारी नान आणतात, मटणाचा पातळ शुर्बा आणतात, घरच्यांच्या तोंडात घास घालतात. त्या घरावर धूर दिसता कामा नये. पेटता राहतो फक्त एक दिवा, मयताला जिथं अंघोळ घातली त्या कोपऱ्यात, सरकीच्या तेलाचा. त्याची वात सारायचं काम सून मोहिराकडं होतं. तिचा नवरा फरीदुन रशियात कुठंतरी विटा वाहत होता. तार केली होती. पोचली की नाही ते पोस्टाला ठाऊक.

बाहेर फाटकाशी हमराकुल उभा होता. तोशमतचा थोरला भाऊ. चापानच्या लांब डगल्यावर कमरेला कापड बांधलेलं, हातात तुतीची काठी. मयताच्या घरच्या पुरुषानं असं तीन दिवस दारात उभं राहायचं, येईल त्याच्यासमोर मान झुकवायची. हमराकुल असा उभा होता की फाटकाचा तिसरा खांब वाटावा. त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तोशमत म्हणायचा, आमचा आका हसला की पाऊस पडतो. आणि कधी पाऊस पडलाच तर छत्री घेऊन भावाच्या दारात जायचा आणि विचारायचा, आका, काल तुम्हाला गुदगुल्या कुणी केल्या?

पुरुष भिंतीशी बाकावर बसले होते. ऊन चांगलंच चढलं होतं. चैत्रात असतं तसं नाही, त्याहून जास्त. मागच्या बागेत जर्दाळूचा बहर गळून गेला होता आणि हरभऱ्याएवढी फळं धरली होती. प्रत्येक फळाच्या बुडाशी वाळक्या फुलाचा झगा अजून चिकटलेला. माश्या घोंगावत होत्या.

"उकडतंय," नोरमत कोसा म्हणाला. दाढी फुटत नव्हती म्हणून त्याला कोसा म्हणायचे. तोशमतचा तो जिवाभावाचा.

सगळ्यांनी डोंगराकडं बघितलं आणि सगळ्यांनी मान परत खाली घातली. डोंगराच्या डोक्यावर राखेच्या रंगाची एक पट्टी आली होती. या दिवसांत एवढं उकडलं की पुढं काय येतं ते बोगीसायमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण मयताच्या दारात बसून फळाबद्दल बोलायचं कसं? संध्याकाळी वारा फिरला. खोजंद शहराच्या बाजूनं यायला लागला, आणि बसलेल्या पुरुषांनी आपापली चापानं कुणाला दिसणार नाही अशी घट्ट ओढून घेतली.

---

फळ जाळणाऱ्या त्या उशिराच्या गारठ्याला तोशमतनं नाव ठेवलं होतं. सासू. न बोलावता येते, पहाटेची येते, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला बोट लावून बघते, असं तो म्हणायचा. सव्रीची आई जिवंत असताना तिच्यासमोरच म्हणायचा, आणि ती बाई त्याच्या अंगावर वहाण फेकायची.

त्याची बाग गावात सगळ्यांत वर. ओढ्याच्या घळीतनं गार हवा खाली उतरते ती आधी त्याच्या झाडांत शिरते, मग हमराकुलच्या, मग बाकीच्यांच्या. म्हणून गावाचा पहारा तोच करायचा. दव गोठायला लागलं की पत्र्याची बादली बडवायचा आणि ओरडायचा, "उठा रे, सासू आली." आधी त्याच्या बागेत धुरीचे ढीग पेटायचे, मग खालच्यांचे. धूर गार हवेबरोबर उताराला लागायचा आणि झाडांवर पांघरुणासारखा पडून राहायचा. वर पेटल्याशिवाय खाली कुणी पेटवायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती. हमराकुलही उठायचा, धुरी करायचा. पण सासू हा शब्द त्यानं कधी तोंडातून काढला नाही. "थंडी आहे," एवढंच म्हणायचा, आणि भावाकडं असं बघायचा की थंडी त्यानंच आणलीय.

यंदा फळ भरपूर धरलं होतं. तोशमत आठवडाभर ढीग रचत होता. आत वाळक्या काटक्या, त्यावर जुना कडबा, शेण, भुसा, वरून ओला पाला आणि माती. शेवटच्या ढिगाला माती थापत असताना तो पुढं वाकला आणि तसाच ढिगावर पालथा पडला. सव्री पाटाच्या पलीकडं होती. तिला वाटलं, ढिगाला कान लावून काहीतरी सोंग करतोय. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा शिवी दिली. मग ती धावली.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. आधी धूळ. बाकावरचे म्हातारे डोळे मिटून बसले, हमराकुल फाटकात काठी रोवून उभाच राहिला. मग आभाळ काळं झालं, वीज डोंगराच्या अंगावर कडाडली आणि पत्र्यावर गारा तडतडायला लागल्या.

आत बायका बसल्या होत्या. सव्रीची चुलत नणंद सूर लावून रडत होती, बाकीच्या तिच्या मागं धरत होत्या. गारा सुरू झाल्या आणि ते रडणं आपोआप विझत गेलं. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. पण प्रत्येकीचे कान पत्र्याला लागले होते आणि प्रत्येकीच्या डोळ्यांपुढं आपापलं झाड होतं. सव्रीला ते दिसलं. तिला राग आला नाही. तिचेही कान तिथंच होते.

बिबिओय शुर्ब्याचं पातेलं शालीखाली घेऊन आत आली. शाल भिजून तिच्या अंगाला चिकटली होती.

"घ्या. गारांसकट आहे. थंड करायची गरज नाही."

कुणी हसलं नाही, पण हवा जरा सैल झाली. बिबिओयनं नानचा तुकडा बुडवून सव्रीच्या तोंडापाशी नेला.

"तुझी किती झडली?" सव्रीनं हळू विचारलं.

"खा."

"किती?"

"गारा बारीक होत्या. फळ आहे अजून." बिबिओयनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज आणखी खाली नेला. "गारांचं काही नाही गं. आता आभाळ उघडलं की..." आणि तिनं पुढचा घास सव्रीच्या तोंडात कोंबला, म्हणजे दोघींनाही बोलायला नको.

आभाळ उघडलं. दिवस मावळायच्या आत सगळे ढग खाली मैदानाकडं पळाले. वारा मेला. डोंगर पायथ्यापर्यंत पांढरे होऊन इतके जवळ आले की हात लावावा. अशी निपचित, स्वच्छ संध्याकाळ बघून दुसऱ्या कुठल्या मुलखात लोक खूश झाले असते.

सव्रीनं पाण्याची झारी उचलली. विधवेनं दाराबाहेर जायचं नसतं, पण झारी हातात असली की बाई कुठं निघाली ते कुणी विचारत नाही. ती मागच्या दारानं बागेत गेली.

जमिनीवर गारा आणि फाटकी पानं एकत्र कालवली होती. तिनं एक फांदी खाली ओढली. फळांवरून अंगठा फिरवला. घट्ट होती, लव होती त्यांच्यावर, तान्ह्या पोराच्या कानावर असते तशी. या फांद्या तिच्या ओळखीच्या होत्या. शिडी मोडली त्या वर्षी बुटक्या तोशमतनं तिच्या खांद्यावर उभं राहून छाटणी केली होती. वरून म्हणायचा, "शिडी हलतेय, शिडीला खायला कमी पडतंय काय?" गावातल्या बायकांनी कुंपणातनं बघितलं आणि वर्षभर तिला शिडी म्हणून हाक मारली. ती लाजली होती. आज तोच खांदा एकटाच दुखत होता.

धुरीचे ढीग ताडपत्रीच्या तुकड्यांनी झाकलेले होते, कडेला दगड. तिनं एकाखाली हात घातला. आतला कडबा कोरडा. शेवटच्या ढिगापाशी फावडं तसंच उभं होतं. तो ढीगही झाकलेला होता. तिनं ताडपत्री उचलली. मातीवर त्याच्या पंजाचा छाप होता. बोटं पसरलेली.

मागं पावलं वाजली. मोहिरा होती.

"हा कुणी झाकला?" सव्रीनं विचारलं.

मोहिरा खाली बघत राहिली. "मी."

"कधी?"

"त्यांना आत नेलं, त्यानंतर. सगळे रडत होते. मीही रडत होते, आई. पण ढीग उघडा आहे हे डोक्यातनं जाईना." तिचा चेहरा लाल झाला होता. "मला माहितेय, लाज वाटायला पाहिजे."

सव्रीनं ताडपत्री परत नीट घातली. दगड ठेवला. सुनेच्या डोक्यावरची ओढणी सरकली होती ती तिनं ओढून सारखी केली.

"चल आत. गारठशील."

---

हमराकुल संध्याकाळी उंबऱ्याशी आला. दीर म्हणून आत आला नाही, दाराकडं पाठ करून पायरीवर बसला. दिवसभर उभा राहून त्याचे गुडघे वाजत होते. सव्री आतल्या बाजूला दाराशी बसली.

"जेवलात का आका?"

"जेवलो." थोडा वेळ तो काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसला. "चाळिसाव्या दिवसाचं झालं की वरची बाग मी बघीन. तुम्हा दोघींना काही कमी पडू देणार नाही. पाणी, छाटणी, हे काम बायकांचं नव्हे. गावातही तेच म्हणतायत."

सव्रीला हे कधीतरी येणार ते माहीत होतं. पण दुसऱ्याच दिवशी येईल असं वाटलं नव्हतं.

"फळ धरलंय आका. भरपूर. हे वर्ष आम्ही दोघी काढू. मग बोला."

"फळ सकाळपर्यंत आहे."

आभाळात पहिली चांदणी अशी लकाकत होती की टोचावी.

"ढीग तयार आहेत," सव्री म्हणाली. "आतनं कोरडे. त्यांनीच रचलेत."

"नाही."

"चूल नाही पेटवत आका. ती बाग आहे."

"धूर तो धूर. लोक काय म्हणतील? नवरा मातीत सुकला नाही तोच हिला फळाची पडली. तुला म्हणतील, मला म्हणतील. मेलेल्याला म्हणतील की बायकोला मागं काय शिकवून गेला."

"आणि खालचे? ते तरी पेटवतील का?"

"वर पेटल्याशिवाय कधी पेटवलंय त्यांनी? मी कुणाला अडवलेलं नाही. पण माझ्यासमोर मान घालून बसलेत बिचारे. मी त्यांना जा, धुरी करा असं सांगू? भावाचं दुःख बाजूला ठेवा म्हणून सांगू?" तो उठला, काठीवर भार देऊन. "माझीही झाडं आहेत सव्री. तुझ्यापेक्षा जास्त आहेत. जाऊ देत. भाऊ एकदाच जातो."

तो खरं बोलत होता. म्हणून तिला उलट बोलता येईना. लबाड माणूस असता तर तिनं दोन शब्द ऐकवले असते. हा आपली वर्षाची भाकरी भावाच्या नावानं सोडायला निघाला होता, आणि त्याबरोबर तिची, बिबिओयची, कोसाची, सगळ्या गावाची. आणि गाव मुकाट्यानं सोडत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणी बोलला तर बरं.

सकाळी काळी पडलेली फळं घेऊन ती कुठल्या तोंडानं म्हणणार होती की बाग माझ्याकडं राहू दे?

---

पहाटे तिला जाग आली ती थंडीनं नव्हे, शांततेनं. पाटातलं पाणीसुद्धा वाजत नव्हतं. ती अंगणात गेली. झारीत बोट घातलं. वर बर्फाची साय धरली होती, बोटानं मोडली तेव्हा बारीक आवाज झाला.

ती आत आली. मोहिरा दिव्यापाशी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती, जागीच.

"साय धरलीय पाण्यावर," सव्री म्हणाली.

मोहिरानं मान वर केली. दोघींनी एकदमच दिव्याकडं बघितलं. घरात दुसरा विस्तव नव्हता, बिबिओयनं काम चोख केलं होतं.

"दिवा हलवायचा नाही, आई. त्यांना वाट सापडणार नाही म्हणतात."

"दिवा इथंच राहील. त्याच्यातलं थोडं नेऊ. त्यांना वाट माहितेय बागेची."

सव्रीनं काठीला चिंधी गुंडाळली, तेलात बुडवली, वातीवर धरली. मोहिरानं तिचं मनगट सावरून धरलं. चिंधी पेटली. पण दाराबाहेर पाऊल टाकलं आणि घळीतल्या हवेनं ती विझली.

"बादली," मोहिरा म्हणाली.

तोशमतची बादली ओसरीवर उपडी होती, बुडाला पोचे पडलेली. सव्रीनं तिच्यात चिंध्या टाकल्या, आत पुन्हा जाळ धरला आणि पोटाशी धरून नेली. गरम पत्रा निळ्या झग्याला चिकटत होता. पायांखाली गवत काचेसारखं मोडत होतं.

पहिला ढीग पेटला. दुसरा पेटला. मोहिरा ताडपत्र्या ओढून फेकत होती, फावड्यानं भोकं पाडत होती. शेवटच्या ढिगापाशी सव्री थोडी थांबली. मग पंजाचा छाप सोडून बाजूनं भोक केलं आणि विस्तव आत सरकवला.

धूर निघाला. झाडांच्या बुंध्यांतनं सरपटत उताराला लागला, हमराकुलच्या भिंतीवरून उतरला आणि अंधारात गेला. पण पातळ. एका बागेच्या धुरानं घळ भरत नसते. वरून गार हवा लोटतच होती. खाली सगळं गाव काळं, निजलेलं. अंधारात धूर कुणाला दिसणार? लोक उठायचे ते बादलीवर. बादलीत विस्तव होता, आणि नसता तरी मयताच्या घरी बादली कोण बडवणार? त्या तीन दिवसांत विधवेच्या तोंडून एकच आवाज निघू शकतो.

सव्रीनं तो काढला.

भिंतीशी उभी राहून तिनं सूर लावला. बसलेल्या गळ्यातनं आधी नुसती घरघर आली. मग आवाज फुटला.

"अहो वरच्या बागेचे धनी, कुणाच्या हवाली केलीत बाग..."

खाली कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. पहाटे मयताच्या घरी बाई रडणारच. अंथरुणातल्या अंथरुणात लोक कूस बदलून म्हणत असतील, बिचारी. तोशमत असता तर काय केलं असतं? हा विचार तिच्या डोक्यात आला, आणि त्याच सुरात, रडण्याच्या चालीवर, तिच्या तोंडून निघालं:

"शिडी होते मी तुमची, आता माझ्या खांद्यावर कोण चढायचं...
अहो उठा, सासू आलीय, बादली कोण वाजवायचं...
बिबिओयच्या कुंपणाशी बसलीय हो, एकेका फळाला बोट लावतेय...
कोसाच्या बागेत शिरलीय हो, तुमचा दोस्त घोरत पडलाय...
फाटकाशी नासिबाच्या, पाटाशी बोयमतच्या, अहो कुणी उठेना तुमच्या मागं..."

ती घरंच्या घरं घेत गेली. नावं घेत गेली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते खोटं नव्हतं. दोन दिवस इतकं खरं रडू आलं नव्हतं. मोहिरा फावड्याला धरून तिच्याकडं बघत उभी होती आणि तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. ती रडत होती की दुसरं काही करत होती ते अंधारात कळत नव्हतं.

खाली एक दार वाजलं. मग कुणीतरी खोकलं. मग बिबिओयचा आवाज, नवऱ्याला ढोसत असल्यासारखा, "ऐकू येतंय का? नाव घेतलं तिनं माझं. मयताच्या रडण्यात माझं नाव. ऊठ." मग कोसाच्या बागेत बादली वाजायला लागली. धडाधडा, बेताल, तोशमतसारखी मुळीच नाही. एक ठिणगी दिसली, तिच्या शेजारी दुसरी, पाटाच्या पलीकडं आणखी. घळीच्या उतारावर एकेक ढीग डोळा उघडत गेला.

सव्रीनं रडणं थांबवलं नाही. नावं संपली तेव्हा नुसताच सूर धरून ठेवला.

भिंतीच्या खिंडारात हमराकुल येऊन उभा राहिला. कमरेचं कापड बांधलेलं, काठी हातात, जणू रात्रभर तसाच होता.

"सव्री," तो म्हणाला.

ती गप्प झाली. मोहिरा तिच्यापुढं दोन पावलं सरकली. नकळत.

हमराकुलनं सगळ्या बागेवरून नजर फिरवली. ढिगांवरून, सुनेवरून, बादलीवरून. सव्रीच्या झग्याला पोटावर काळा डाग पडला होता तिथं त्याची नजर थोडी थांबली. तो बोलायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात त्याच्या शेजारच्या ढिगाची माती खचली आणि जाळ वर उसळला. लालभडक, स्वच्छ जाळ. मोहिरानं भोक मोठं ठेवलं होतं.

हमराकुलचं तोंड उघडंच राहिलं. जाळ वर वर जात होता. धूर नाही, नुसता जाळ. ऊब आभाळात फुकट चाललेली. बागायतदाराला हे बघवत नाही, मग तो कुणाच्याही मयताला उभा असो.

"जाळ नको गं," तो ओरडला. "धूर पाहिजे, धूर. पाला टाक. ओला."

मोहिरा धावली. त्यानं ती काठी, दोन दिवस टेकून उभा होता ती, ढिगात खुपसली, पेटता कडबा खाली दाबला, माती ओढली, पुन्हा खुपसली. पांढरा जाड धूर त्याच्या तोंडावर आला. तो खोकला, डोळे पुसले आणि पुढच्या ढिगाकडं गेला. तिथून पुढच्या. शेवटच्या ढिगापाशी वाकला तेव्हा त्याला तो पंजा दिसला. मातीवर, बोटं पसरलेला, बोटांमधनं धूर येत होता.

तो खाली बसला. मग त्यानं त्या छापाच्या शेजारी, त्याला न लावता, स्वतःच्या हातानं माती थापली. ढीग खचू नये म्हणून.

"ऊन येईपर्यंत विझू द्यायचं नाही," तो उठताना म्हणाला. "खरी थंडी दिवस उगवताना लागते."

"माहितेय आका," सव्री म्हणाली.

"माहितेय. हो." तो भिंत ओलांडून आपल्या बागेत गेला. थोड्या वेळानं तिथूनही धूर निघाला.

---

ऊन आलं तेव्हा घळीत काही दिसत नव्हतं. धुराचं दही लागलं होतं. त्यातनं माणसांचे खोकले ऐकू येत होते, आणि कुठंतरी बिबिओय कुणाला तरी शिव्या देत होती, म्हणजे सगळं ठीक होतं.

धूर पातळ झाल्यावर सव्री एका झाडापाशी गेली. फळ तोडलं, नखानं चिरलं. आतलं बी पांढरं, ओलं. दुसरं चिरलं. पांढरं. वरच्या कडेच्या झाडाचं तिसरं चिरलं तर आत तपकिरी. चौथंही. ती कड गेली होती. पण खालच्या बाजूला ती चिरत गेली आणि हिरवं, पांढरं, हिरवं येत गेलं. मोहिरा तिच्या मागं मागं तोडलेली फळं ओढणीत गोळा करत होती, टाकून द्यायचं जिवावर येत असल्यासारखी.

हमराकुल भिंतीपलीकडं तेच करत होता. त्याच्या नखाखाली हिरवा रस होता. त्यानं डोकं वर केलं नाही.

"माझी शिडी आहे," तो फळाकडं बघत म्हणाला. "लाकडी. चांगली. छाटणीच्या वेळी घेऊन जा. दोघींना उचलेल का बघ. जड आहे."

सव्री नुसती मान हलवून आत गेली. तिसरा दिवस होता, माणसं यायची होती. झगा बदलला. काळा डाग पडलेला तिनं घडी करून ट्रंकेत ठेवला, धुतला नाही.

कोपऱ्यातला दिवा अजून तेवत होता.

दुपारी बिबिओय आली. ओच्यात काडेपेट्या. संध्याकाळपर्यंत थांबायला तिला जमलं नव्हतं. तिच्या भुवया जळाल्या होत्या.

"ठेव तुझ्या," ती म्हणाली, आणि सव्रीकडं रोखून बघत राहिली. "माझं नाव घ्यायचं होतं तर चांगल्या शब्दांत तरी घ्यायचं. कुंपणाशी बसलीय म्हणे. माझं कुंपण कुठाय? पडलंय दोन वर्षं."

"पुढच्या वेळी बघून घेईन."

बिबिओयनं ओठ घट्ट मिटले. मग ती सव्रीच्या शेजारी बसली आणि तिचा दुखरा खांदा चोळायला लागली.

फाटकातनं आवाज येत होते. लांबच्या गावची माणसं मयताला आली होती, आज पहिल्यांदाच. सव्रीला दाराच्या फटीतनं दिसत होतं. बाकावर बोगीसायचे पुरुष मान खाली घालून बसले होते, पण त्यांच्या कानांत, नाकपुड्यांत काजळी होती. कोसाच्या गुळगुळीत गालांवर तर दाढी उगवल्यासारखी. आणि फाटकात हमराकुल, कमरेला कापड, ताठ. काठीचं टोक हातभर जळून कोळसा झालेलं. ते त्यानं जमिनीवर टेकलं की काळा ठिपका उठत होता.

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं दुवा म्हटली, हमराकुलला मिठी मारली आणि मागं सरून त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग काठीकडं. मग बाकावरच्या सगळ्यांकडं.

"आका, हे काय? आग लागली होती का कुठं?"

कोसानं डोळे मिटून घेतले. हमराकुलनं काठीच्या जळक्या टोकाकडं बघितलं. ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले.

"नाही," तो म्हणाला. "सासू आली होती."